पारूबाईचे तीन ढीग

त्या दिवशीचा तिसरा बोर्ड फुटला तेव्हा पारूबाई लाकडांच्या ढिगावर पाय रोवून एका फळीतला खिळा उपटत होती. आवाज तसा मोठा नव्हता. भरल्या पोत्यावर कुणी दांडकं हाणावं तसा, दबका. पण त्यानंतर शेडमधली सगळी धडधड एकाएकी थांबली, आणि पारूबाईच्या हातातली पकड खिळ्यासकट तशीच राहिली.

"पुन्ना फुटला का ओ मावशी?" शेजारी फळ्या फोडणारी सविता म्हणाली.

पारूबाईने खिळा डब्यात टाकला, पदराने तोंड पुसलं आणि ती शेडच्या दारापर्यंत गेली. आत मात्र गेली नाही.

बोर्ड दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी ती चालवणारा बजरंग उभा होता. समोर टेबलावर लाकडाचा भुसा दाबून केलेला आठ फुटी बोर्ड पडला होता. वरून पाहिलं तर गुळगुळीत, नजर ठरणार नाही असा. पण मधोमध पोट फुगल्यासारखा वर आलेला, आणि कडेने आडवी चीर गेलेली. त्या चिरेतून अजून वाफ निघत होती.

मालक योगीराजराव ऑफिसातून चालत आले. ते ओरडणाऱ्यातले नव्हते. त्यामुळे ते हळू बोलले की माणसं जास्त घाबरत.

"बजरंग, दाब कवा सोडला?"

"टायमावर, मालक. मॅडम हुत्या की हितंच."

लॅब सांभाळणारी अर्पिता हातात वही घेऊन पुढे झाली. पाथरीची मुलगी, शिकून आलेली, इथे लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. "वेळ बरोबर होती सर. मी घड्याळ लावून पाहिलंय. भुशाची ओल बरोबर, गम बरोबर, उष्णता बरोबर."

"समदंच बरोबर. मग ह्यो फुटला कशानं?"

योगीराजरावांनी चिरेत बोट घातलं आणि आतला भुसा चिमटीत घेऊन चोळला. तो कोरड्या पिठासारखा सुटून आला.

"तीन हप्ते झाले," ते म्हणाले. "वसतिगृहाच्या टेबलांचं काम हाय, पोरं भुईवर बसून लिवायलीत. यंत्र खोटं बोलत न्हाई, गम खोटा बोलत न्हाई. राह्यला हात. बजरंग, उद्याच्या दिवस प्रेस तूच चालव. सोमवारपासून तिथं दुसरा गडी बसंल. तू माल चढवायला ये."

बजरंगने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. पारूबाई दारातून मागे फिरली आणि ढिगावर येऊन बसली. फोडायला फळी घेतली आणि तशीच खाली ठेवली.

कारण तो बोर्ड कशाने फुटला हे त्या अख्ख्या कारखान्यात एकट्या तिला ठाऊक होतं.

*

जिंतूर रस्त्यावरच्या त्या कारखान्यात भुशाचे बोर्ड बनत. आसपासच्या बांधांवरची बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ ट्रॉल्यांनी येई. आणि महिन्यातून एकदा येई बंदराकडची मोठी गाडी, मोडक्या पेट्यांनी भरलेली. परमुलखातून यंत्रं ज्या पेट्यांत येतात त्या पेट्या. त्यांत पाइन असे, आणि पाइनसोबत कुठल्या कुठल्या रानांतली टणक लाकडं, ज्यांची नावं इथे कुणालाच माहीत नव्हती. पाइन मऊ. दाबला की गपचूप एकमेकांत बसतो. टणक लाकूड बोर्डाला वजन देतं, पण प्रमाणात. पाइन सहा घमेली तर टणक चार, असं गणित ठरलेलं होतं.

अडचण एकच होती. ऊन-पावसात वर्षभर फिरून आलेल्या पेट्यांचं सगळं लाकूड एकाच रंगाचं होतं, राखेसारखं. कुठलं पाइन आणि कुठलं टणक, हे डोळ्यांना कळत नसे.

ते पारूबाईच्या नाकाला कळायचं.

आठ वर्षांपूर्वी ती इथे झाडलोटीला लागली होती. त्याआधी अकरा हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊस तोडला. बाराव्या वर्षी मोळी घेऊन ट्रकची शिडी चढताना नवऱ्याच्या, सुग्रीवच्या, पाठीचा मणका सरकला, आणि ऊसतोड सुटली ती सुटलीच. कोयता तेवढा ती बरोबर घेऊन आली. एक दिवस ढिगाजवळ झाडताना ती सहज म्हणाली होती, "ह्या फळीला ताकाचा वास येतोय, अन् हिला न्हाई." तेव्हाही बोर्ड फुटत होते. जुन्या मिस्त्रीने गमतीने ताकाच्या वासाच्या फळ्या बाजूला काढायला लावल्या, आणि बोर्ड फुटायचे थांबले.

तेव्हापासून ढीग तिचे. कोयत्याने फळी खरवडायची, सालपट नाकाशी न्यायचं, आणि फेकायचं. उजवीकडे पाइन, डावीकडे टणक, आणि मागे तिसरा ढीग ताकवाशीचा. तो बोर्डात जायचाच नाही, थेट बॉयलरमध्ये. टणक लाकडांनाही तिने आपली नावं ठेवली होती. एक मेथी, एक ओलं चामडं, एक नुसतंच कडू. अर्पिता मॅडमच्या वहीत सुद्धा तीच नावं लिहिलेली होती.

मग यंदा गौरी-गणपतीत तिला ताप आला. चार दिवस अंथरुणात गेले, जिंतूरला दोन सलाइन लागल्या. ताप उतरला आणि पाचव्या दिवशी तिने चुलीवर फोडणी टाकली. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, पण वास म्हणून काही आलाच नाही. तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल.

गेली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. पारूबाई फळी खरवडायची, सालपट नाकाशी न्यायची, सवयीने डोळे मिटायची, आणि आत काहीच उमटत नसे. मग हातावर वजन तोलून, ठोकून, अंदाजाने ती फेकत राहिली. बाभूळ, निंब हाताला कळत. परमुलखातली टणक लाकडंही बरीचशी कळत. पण ताकवाशी वजनाला अगदी पाइनसारखीच. आणि गेल्या खेपेच्या गाडीत ताकवाशीच जास्त असावी. कारण ती गाडी आली आणि बोर्ड फुटायला लागले.

पहिला फुटला तेव्हाच तिला कळलं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. नाक गेलं म्हणून सांगायचं, तर मग आपण इथे कशाला? लाकडं फोडायला कुणीही मिळतं. आणि इथून सुटलं की पुढे काय, ते रोज संध्याकाळी रस्त्यावर दिसतच होतं.

*

ते त्याही संध्याकाळी दिसलं. बजरंगची मोटरसायकल ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीच्या मागे अडकली होती. ट्रॉलीत भांडी, पाचटाच्या चटया, दोन कोंबड्या, आणि गठुड्यांवर बसलेली माणसं. बजरंग चारठाण्याचा. जाता-येता पारूबाईला तो तिच्या गावच्या फाट्यापर्यंत मागे बसवून न्यायचा. पाच वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता.

"मावशी," तो मान न वळवता म्हणाला, "माल चढवायला मी यायचा न्हाई. पुण्याला मेव्हणा हाय, तिकडं वॉचमन घ्यायलेत मनं."

"अन् तुझ्या लेकीची, शिवकन्याची, शाळा?"

"बगू." ट्रॉलीने वळण घेतलं तरी त्याने गाडी पुढे काढली नाही. "खरं सांगू का? पयल्यांदा मला मालकाचा राग आला. आता मलाबी वाटायलंय, माझाच हात घाई करायला आसंल. जेवता जेवताबी मी ताटावर बोटानं दाब सोडायलोय. एक, दोन, तीन, चार. ती पोरगी हसायलीय मला."

तो स्वतःही हसला. पारूबाईला हसू आलं नाही. तिने आजवर त्या हाताइतका सावकाश हात पाहिला नव्हता. प्रेसचा दाब सोडायचं चाक तो असं फिरवायचा, जसा झोपल्या लेकराच्या डोक्याखालून दंड काढावा. तो हात चांगला आहे हे तिला माहीत होतं, आणि त्याचं त्यालाच आता माहीत नव्हतं.

फाट्यावर उतरताना तिच्या ओठांवर आलं होतं. पण मागून टेम्पोने हॉर्न दिला, आणि बजरंग "येतो मावशी" म्हणून निघून गेला.

*

घरी सुग्रीव शेळ्या बांधून उंबऱ्याशी बसला होता. पारूबाईने पिठलं टाकलं आणि चुलीपाशी बसून राहिली.

"करपलं," सुग्रीव बाहेरून म्हणाला.

"काय?"

"पिठलं. तुझ्या म्होरं हाय ते."

तिने दचकून कढई उतरवली. बुडाला काळा थर धरला होता. सुग्रीव भिंतीला हात लावत आत आला आणि कण्हत पाटावर बसला.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" तिने विचारलं.

"दसऱ्याच्या आदीपासून. कणगीमागं उंदीर मरून पडला व्हता दोन दीस. मी नाकाला धोतर लावून फिरायलो, अन् तू तितंच पाठ टेकून तांदूळ निवडायलीस."

"मग बोलला कामून न्हाई?"

"तू बोलंनास, मनून."

पारूबाईने मग सगळं सांगितलं. फुटलेले बोर्ड, बजरंग, सोमवार. सुग्रीव ऐकत होता. करपलेलं पिठलं त्याने तसंच भाकरीवर घेतलं.

"बजरंग तरणा हाय," तो सावकाश म्हणाला. "त्याला कुटंबी काम भेटंल. आपल्याला कोण इचारतंय? माझ्या पाठीनं आता घागर उचलत न्हाई. नाक काय, येईल चार म्हैन्यांत. तवर गप ऱ्हा."

"त्याला काम भेटंल," पारूबाई म्हणाली. "पर आपल्या हातात खोट हाय आसं त्याला जल्मभर वाटत ऱ्हाईल. ते म्या केलं."

सुग्रीवने पुढचा घास मोडला, तो हातातच धरून ठेवला. मग म्हणाला, "सकाळची पयली यष्टी साडेसहाला येती फाट्यावर."

*

दुसऱ्या दिवशी ती बजरंगची वाट न पाहता एसटीने गेली. लॅबमध्ये अर्पिता आधीच आली होती. बोर्डाचे बिस्किटाएवढे चौकोन कापून, दोन लोखंडी ठोकळ्यांमध्ये चिकटवून ती यंत्रावर ओढून पाहत होती. चौकोन टिकला तर बोर्ड पक्का. पारूबाई दारात उभी राहिली तेवढ्यात एक चौकोन मधून सुटला.

"हा पण कच्चाच," अर्पिता स्वतःशीच म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "मावशी? इतक्या लवकर?"

"मॅडम, मला वास येत न्हाई."

"कसला?"

"कसलाच. गौरी उठल्या तवापासून. ढीग म्या अंदाजानं घातलेत. ताकवाशी पाइनमदी गेलीय. बजरंगचा हात चांगला हाय."

एका दमात एवढं बोलून ती थांबली. अर्पिताने ठोकळे टेबलावर ठेवले. पारूबाईला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा मालकांना बोलवेल. तिने दोन्ही केलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"तीन आठवडे झाले मावशी," ती म्हणाली. "रोज गणित तपासायलेय मी. मला वाटलं, माझंच शिक्षण खोटं हाय. राजीनामा लिहून ठेवलाय पर्समधी."

पारूबाईला हे ठाऊक नव्हतं. आपल्या गप्प बसण्याखाली एकच माणूस सापडला आहे, असं ती समजत होती.

"माझं चुकलं, बाई," ती म्हणाली. मॅडम म्हणायचं ती विसरली.

अर्पिताने ओढणीने डोळे पुसले. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे ते लाकूड गम धरू देत नाही. बाहेरून बोर्ड तयार, आतून कच्चा. दाब काढला की आतली वाफ त्याला फाडते. म्हणून सगळे आकडे बरोबर येत होते." ती उठली. "माझं नाक शाबूत आहे मावशी. चला, मला शिकवा."

ढिगावर दोघी समोरासमोर बसल्या. पारूबाई कोयत्याने खरवडायची आणि सालपट पुढे करायची.

"कसा येतोय?"

"आंबट."

"आंबट लय तऱ्हेचं आसतं. चिंचंगत का दह्यागत?"

अर्पिताने डोळे मिटले. "ताक. दोन दिवसांचं, तांब्यात राहिलेलं."

"मागच्या ढिगावर टाका."

सविता आली, तिने पाच मिनिटं पाहिलं आणि तीही बसली. तिचं नाक तर अर्पितापेक्षाही तिखट निघालं. खरवडायच्या आधीच ती सांगायला लागली. बजरंग आला तेव्हा तिघी घामाघूम झाल्या होत्या आणि पाइनच्या ढिगातला तिसरा हिस्सा मागे जाऊन पडला होता. तो काय चाललंय ते पाहत उभा राहिला. पारूबाईने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

*

निवडलेलं लाकूड दळून, वाळवून, गम लावून प्रेसपर्यंत यायला दुपार झाली. योगीराजराव येऊन उभे राहिले तशी पारूबाई शेडमध्ये गेली. एरवी ती आत यायची नाही. गड्यांनी वाट दिली.

"मालक, बोर्ड बगायच्या आदी सांगते," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "तीन हप्ते बोर्ड फुटले, त्यो कसूर बजरंगचा न्हाई. माझा हाय. माझं नाक गेलंय, अन् म्या सांगितलं न्हाई."

बजरंगने चाकावरचा हात काढला. योगीराजरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अर्पिताकडे. अर्पिताने मान डोलावली.

"आदी बोर्ड बगू," ते म्हणाले. "चालव रे."

भुशाची गादी आत गेली. प्रेस खाली आली. शेडमध्ये फक्त तेलाच्या पंपाचा घुमता आवाज राहिला. बजरंगचे ओठ हलत होते. वेळ भरली, आणि त्याने चाकाला हात घातला. एक वळसा. थांबला. दुसरा वळसा. बाजूने वाफ सुटायला लागली, लांब, एकसारखी. पारूबाईने डोळे घट्ट मिटून घेतले. ती फक्त त्या दबक्या आवाजाची वाट पाहत होती.

तो आला नाही.

तिने डोळे उघडले तेव्हा प्रेस वर गेलेली होती आणि बोर्ड टेबलावर सरकत होता. सपाट, कडा सरळ. अर्पिता बोटांच्या पेरांनी ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. सगळीकडे एकच भरीव आवाज. योगीराजरावांनी स्वतः ठोकून पाहिलं.

"अजून एक घाल," ते म्हणाले.

दुसराही नीट निघाला. तिसरा, चौथा. सातव्याला गडी मोजायचे थांबले आणि कुणीतरी चहा सांगितला. अर्पिता चौकोन कापून लॅबमध्ये पळाली, आणि थोड्या वेळाने खिडकीतूनच ओरडली, "धरलंय! सर, पक्कं धरलंय!" बजरंग चाकाजवळच्या स्टुलावर बसला आणि आपले दोन्ही तळहात मांडीवर उलटेसुलटे करून पाहत राहिला.

योगीराजराव पारूबाईजवळ आले.

"तीन हप्ते, पारूबाई."

"व्हय मालक."

"सांगायचं व्हतं."

"भ्याले."

"म्या समद्यांचं तपासलं. बजरंगचं, मॅडमचं, गमवाल्याचं. तुमच्या ढिगाकडं जाऊन बगावं, आसं एकदाबी मनात आलं न्हाई." त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "सोमवारी परभणीला नाकाच्या डॉक्टरला दाखवून या. अन् मंगळवारपासून सविताला शिकवा समदं."

"ती शिकंल बिगीनं. अन् मग मी?"

"फुडच्या गाडीत नवंच कायतरी लाकूड आलं, तर सविताला कोण सांगंल? वासाला नाव लागतं, बाई. ते तुमच्याकडं हाय." एवढं बोलून ते ऑफिसकडे वळले. जाता जाता बजरंगच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले. बजरंग उठून उभा राहिला.

मग तो दोन कप चहा घेऊन पारूबाईकडे आला. ती खाली मान घालून उभी होती.

"मावशी," तो म्हणाला, "सकाळी अर्धा घंटा फाट्यावर थांबलो मी. यष्टीनं जायचं व्हतं तर सांगायचं न्हाई व्हय? मला वाटलं, तब्येत बिगडली."

त्याने कप तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"पुण्याचं?" तिने विचारलं.

"मेव्हण्याला रातच्याला फोन करतो. नको मनतो."

तो परत प्रेसवर गेला. चहा पिऊन पारूबाई तिथेच शेडच्या कडेला बसली. थंडीचे दिवस होते, आणि पाठीमागे नुकत्या निघालेल्या बोर्डांची थप्पी अजून ऊबदार होती. तिने पाठ टेकली. पाय लांब केले. आतून धडधड येत होती, एकसुरी, मध्ये कुठेही न अडकणारी. सविताला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती उठून सांगावी असं तिच्या मनात आलं, पण तोवर तिचा डोळा लागला.

चार वाजता गडी थप्प्या गोदामात न्यायला आले. त्यांनी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. एकाने काहीतरी मोठ्याने विचारलं, तर दुसऱ्याने तिच्याकडे पाहत नुसता हात वर केला. बोर्ड दोघादोघांनी उचलून, पाय न वाजवता ते नेत राहिले. संध्याकाळी भोंगा होईपर्यंत शेड मोकळी झाली होती. पारूबाई टेकून झोपली होती ती थप्पी तेवढी त्यांनी शेवटाला ठेवली होती.